‘पंचविशीनंतर उशीर होतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझी भाची सव्वीस वर्षांची आहे. परवा तिनं मला एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, मला उशीर तर नाही ना झाला?" तोच मेसेज त्याआधी दोन-तीन ग्रुपवरून येऊन गेला होता. तेव्हा नुसती चीड आली होती. तिचा प्रश्न वाचल्यावर मात्र उत्तर लिहायला बसले. सव्वीस वर्षांच्या मुलीला स्वतःच्या चेहऱ्याबद्दल ‘उशीर झाला’ असं वाटायला लावणारा मजकूर कुणी तरी विचारपूर्वक लिहिलाय, आणि आपल्यातल्याच शहाण्यासुरत्या बायका तो हात जोडलेल्या इमोजीसकट पुढे पाठवतायत.

मेसेजमध्ये सांगितलंय ते थोडक्यात असं. पंचविसाव्या वर्षी शरीर कोलॅजेन (त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन) बनवणं बंद करतं, म्हणून बोटॉक्सची इंजेक्शनं तेव्हाच सुरू करायची. लवकर सुरू केलं की सुरकुत्या कधीच पडत नाहीत. भुवयांमधली जागा, नाक, नाकाजवळची घडी, कपाळ हे फिलरनं, म्हणजे त्वचेखाली टोचायच्या जेलनं, भरून घ्यायचं. फिलर नैसर्गिक असतं, सहा महिन्यांत आपोआप विरघळतं, अपाय शून्य, जेवणाच्या सुट्टीत उरकतं. सनस्क्रीन वगैरे म्हणजे वेळ घालवणं. ग्लुटाथायोन या शरीरातच बनणाऱ्या रसायनाच्या सलाइननं त्वचा आतून तरुण होते. आणि शेवटी, पुरुष वयाबरोबर रुबाबदार होतो, बाई नुसती म्हातारी होते. म्हणून स्वतःवर प्रेम करणारी बाई वाट बघत बसत नाही.

कोलॅजेनपासून सुरुवात करू. ते पंचविसाव्या वर्षी बंद होत नाही. तसं झालं असतं तर तिशीतल्या बाईची जखमच भरून आली नसती, कारण जखम भरायला नवं कोलॅजेन लागतं. खरं एवढंच की विशीनंतर त्वचेतलं कोलॅजेन वर्षाला साधारण एक टक्का या संथ गतीनं घटत जातं. मोठी घट होते ती पाळी थांबल्यावर. त्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत ते ३० टक्क्यांच्या आसपास कमी होतं. हा बदल साधारण पन्नाशीतला. मेसेजनं तो उचलून पंचविशीत आणून ठेवलाय.

शिवाय बोटॉक्सचा कोलॅजेनच्या कमतरतेशी संबंध काय? बोटॉक्स म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचं विष, अतिशय सूक्ष्म मात्रेत. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं तेव्हा स्नायू आकसतो. हे विष त्या रसायनालाच अडवतं. स्नायू ढिला पडतो, भुवया आवळल्या जात नाहीत, आठी दिसत नाही. तीन-चार महिन्यांनी मज्जातंतू पुन्हा काम करू लागतो आणि आठी परत येते. यात कुठेही कोलॅजेनची भरपाई होत नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं एक भीती घेतली, एक इंजेक्शन घेतलं आणि मध्ये ‘म्हणून’ घातलं.

‘लवकर सुरू केलं की सुरकुत्या पडतच नाहीत’ या दाव्यात अर्धं सत्य आहे, आणि ते मान्य करायला हवं. २००६ साली विल्यम बाइंडर या अमेरिकी डॉक्टरांनी दोन जुळ्या बहिणींची तुलना प्रसिद्ध केली. एकीनं तेरा वर्षं नियमित बोटॉक्स घेतलं होतं, दुसरीनं फक्त दोनदा. पहिलीच्या कपाळावर चेहरा शांत असताना रेषा दिसत नव्हत्या, दुसरीच्या दिसत होत्या. बरोबर. स्नायू वर्षानुवर्षं आवळलाच नाही तर तिथली घडी उशिरा पक्की होते, हे पटण्यासारखं आहे. पण ही बहिणींची एकच जोडी. जगभरातल्या पंचविशीतल्या मुलींना सल्ला देण्याइतका हा आधार नाही. आणि ‘कधीच नाही’ हे तर त्यातून अजिबात निघत नाही, कारण उन्हानं खडबडीत झालेली त्वचा, गालांची उतरलेली चरबी, सैल पडलेली हनुवटी यातल्या कशावरही कपाळातलं बोटॉक्स काम करत नाही.

अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, एप्रिल २००२ मध्ये सौंदर्यासाठी बोटॉक्सला मान्यता दिली ती प्रौढांच्या भुवयांमधल्या मध्यम ते तीव्र आठ्या तात्पुरत्या कमी दिसाव्यात यासाठी. जी आठी अजून पडलीच नाही ती टाळण्यासाठी नाही. आता साधा हिशेब करा. पंचविसाव्या वर्षी सुरू करून साठीपर्यंत दर चार महिन्यांनी घ्यायचं तर एकशे पाच वेळा सुया टोचून घ्याव्या लागतील. वारंवार घेतल्यानं स्नायू बारीक होतो, काहींच्या शरीरात विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन औषध लागू पडेनासं होतं. पापणी खाली उतरणं हा तर नेहमीच्या दुष्परिणामांपैकी एक, आणि ती उतरली की काही आठवडे तशीच राहू शकते. भाचीला मी हाच एकशे पाचचा आकडा लिहून पाठवला.

बोटॉक्स वाईटच, असं मला म्हणायचं नाही. त्याचा जन्म तिरळेपणा आणि पापण्यांचे आचके यांवरच्या उपचारातून झाला, १९८९ मध्ये पहिली मान्यता त्याच कारणांसाठी मिळाली. अर्धशिशीच्या जुनाट रुग्णांना ते आराम देतं. पन्नाशीतल्या बाईला तिच्या आठ्या नको असतील, तिनं त्वचारोगतज्ज्ञांशी नीट बोलून ते घेतलं असेल, तर तो तिचा निर्णय आहे आणि त्यावर नाक मुरडणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. माझं भांडण भीती विकण्याशी आहे.

आता फिलर. हा मेसेज मला संतापजनक वाटतो तो मुख्यतः या मुद्द्यामुळे.

‘नैसर्गिक आहे.’ हायलुरॉनिक ॲसिड आपल्या त्वचेत असतं, हे खरं. पण त्वचेतलं स्वतःचं हायलुरॉनिक ॲसिड एक-दोन दिवसांत मोडतं आणि नवं बनतं. फिलरच्या जेलमध्ये तेच रेणू रासायनिक साखळ्यांनी एकमेकांना जखडलेले असतात, ते लवकर मोडू नयेत म्हणूनच. ते टिकतं याचं कारणच ते नैसर्गिक अवस्थेत नाही हे आहे. ‘सहा महिन्यांत विरघळतं’ म्हणाल तर एमआरआयमध्ये ते कित्येक वर्षांनंतरही जागेवर सापडलेलं आहे. शिवाय फिलर फक्त हायलुरॉनिक ॲसिडचंच असतं असं नाही. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपटाइटची असतात, कायमस्वरूपी राहणारी ॲक्रिलिकच्या कणांची असतात. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर बिघडलं तर हायलुरॉनिडेज नावाचं विकर टोचून ते विरघळवता येतं. बाकीच्यांवर त्या विकराचा उपयोग नाही. किती मुलींना खुर्चीत बसण्याआधी विचारलं जातं की आज तुला नेमकं काय टोचणार आहोत?

‘अपाय शून्य.’ हे वाक्य लिहिणाऱ्यानं २०१५ साली ‘डर्मॅटॉलॉजिक सर्जरी’ या नियतकालिकात आलेला एक लेख वाचायला हवा होता. कॅनडातल्या डॉक्टर केटी बेलेझने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या वैद्यकीय साहित्यातून फिलरमुळे दृष्टी गेल्याच्या किंवा बिघडल्याच्या नोंदी गोळा केल्या. त्या भरल्या ९८. सगळ्यात जास्त घटना भुवयांच्या मधल्या जागेत टोचल्यामुळे, त्यानंतर नाक, मग नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी आणि कपाळ. म्हणजे ज्या जागा भरून घ्यायचा सल्ला हा मेसेज देतो, नेमक्या त्याच. बहुतेकांची दृष्टी परत आली नाही. २०१९ मध्ये त्याच गटानं यादी पुढे नेली, तेव्हा आणखी ४८ घटना त्यात आल्या.

आणि २०१५ च्या त्या लेखाच्या लेखकांमध्ये एक नाव आहे डॉ. जीन कॅरुथर्स यांचं. व्हँकूव्हरच्या या नेत्रतज्ज्ञ. पापण्यांच्या आचक्यांसाठी बॉट्युलिनम देताना रुग्णांच्या आठ्या जातात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्वचारोगतज्ज्ञ असलेल्या पतीबरोबर, अलस्टेअर कॅरुथर्स यांच्याबरोबर, त्यांनी १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. सौंदर्यासाठीचं बोटॉक्स तिथून सुरू झालं. या क्षेत्राच्या विरोधात असल्याचा आरोप त्यांच्यावर कुणी करू शकणार नाही. त्यांना आंधळेपणाच्या नोंदी मोजाव्याशा वाटल्या, आणि आपल्या मेसेजला ‘शून्य’ लिहावंसं वाटलं.

हे होतं कसं, तेही सांगते, कारण ते कळल्याशिवाय धोका खरा वाटत नाही. चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. सुईचं टोक चुकून धमनीत गेलं आणि पिस्टन जोरानं दाबला गेला, तर जेल रक्तप्रवाहाच्या उलट दिशेनं डोळ्याला रक्त नेणाऱ्या धमनीपर्यंत ढकललं जातं. दाब सुटला की प्रवाह ते पुढे, दृष्टिपटलाच्या धमनीत घेऊन जातो. तिथे ते अडकतं. दृष्टिपटल रक्ताशिवाय फार थोडा वेळ तग धरतं. अडकलेलं जेल त्वचेच्या धमनीत राहिलं तर तिथली त्वचा मरते, काळी पडते, नाकाच्या टोकाशी किंवा ओठाशी व्रण राहतो.

दरवर्षी होणाऱ्या लाखो इंजेक्शनांच्या मानानं या घटना फार थोड्या आहेत. तेही मान्य. पण दुर्मीळ आणि शून्य यात एका डोळ्याचा फरक आहे. चेहऱ्याची शरीररचना पाठ असलेला डॉक्टर हा धोका कमी करू शकतो, काही बिघडलं तर ओळखू शकतो, हायलुरॉनिडेज हाताशी ठेवतो. जेवणाच्या सुट्टीत, दोन दिवसांचा कोर्स केलेल्या माणसाकडून, पार्लरच्या मागच्या खोलीत यातलं काय मिळणार? अमेरिकेत २०२४ मध्ये बनावट किंवा नीट न हाताळलेलं बोटॉक्स घेतल्यानं ११ राज्यांतल्या २२ जणी आजारी पडल्याचं तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं जाहीर केलं. त्यातल्या निम्म्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. परवाना नसलेल्या, प्रशिक्षण नसलेल्या लोकांकडून, काहींनी तर कुणाच्या घरी जाऊन ते टोचून घेतलं होतं. इंग्लंडनं ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना सौंदर्यासाठी बोटॉक्स किंवा फिलर देणं हा गुन्हाच ठरवला. मुलंमुली कुठल्या वयापर्यंत या दबावाखाली आली होती, ते त्या कायद्यावरूनच कळतं.

ग्लुटाथायोनच्या सलाइनवर फार लिहीत नाही. त्वचा उजळ किंवा तरुण होण्यासाठी ते शिरेतून देण्याविरुद्ध फिलिपीन्सच्या औषध नियामकानं २०११ मध्येच इशारा दिला आहे. विषय संपला.

सनस्क्रीन म्हणजे वेळ घालवणं? ऑस्ट्रेलियात नॅम्बर या गावी ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाचणी झाली. एका गटाला सनस्क्रीन रोज लावायला सांगितलं, दुसऱ्याला स्वतःच्या मर्जीनं. २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षात रोज लावणाऱ्यांच्या त्वचेवरच्या वार्धक्याच्या खुणा २४ टक्क्यांनी कमी होत्या. जुळ्या बहिणींच्या एका जोडीपुढे ही नऊशे माणसं ठेवून बघा. मेसेजला हा पुरावा नकोसा आहे, कारण ट्यूब आपली आपण लावता येते, त्यासाठी कुणाच्या क्लिनिकमध्ये जावं लागत नाही.

उरला शेवटचा मुद्दा. पुरुष रुबाबदार होतो, बाई म्हातारी होते. पाळी थांबल्यावरची कोलॅजेनची घट सोडली तर वय दोघांच्याही त्वचेवर साधारण तेच करतं: ऊन, धूम्रपान, आनुवंशिकता यांचा परिणाम दोघांवरही होतो. ‘रुबाबदार’ की ‘म्हातारी’ हा फरक बघणाऱ्याच्या नजरेत आहे आणि त्या नजरेची किंमत बाईनं मोजायची. प्लास्टिक सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या दरवर्षीच्या पाहणीत अशा उपचारांतल्या दर शंभरांपैकी ८५ च्या आसपास स्त्रियांवर झालेले असतात, ते उगाच नाही. हा दबाव खरा आहे. काम जातं, भूमिका जातात, बैठकीत कुणी आपल्याकडे बघून बोलत नाही. त्यामुळे एखादीनं सुई घेतली तर मी तिला दोष देणार नाही.

पण या अन्यायाला निसर्गनियम म्हणून खपवणं मला मान्य नाही. बीबीसीच्या निवेदिका मिरियम ओरायली यांना २००९ मध्ये एका ग्रामीण विषयांवरच्या कार्यक्रमातून काढलं. त्या पन्नाशीत होत्या. त्यांच्याहून बरेच मोठे एक पुरुष निवेदक तिथेच राहिले. हाय डेफिनिशन प्रक्षेपण येतंय, सुरकुत्यांकडे लक्ष दे, असं आपल्याला सुनावलं गेल्याचं त्यांनी न्यायाधिकरणापुढे सांगितलं. त्या लढल्या, आणि जानेवारी २०११ मध्ये न्यायाधिकरणानं वयावरून भेदभाव झाल्याचा निकाल त्यांच्या बाजूनं दिला. तिथे चूक कुणाची ठरली? सुरकुत्यांची नाही. हा मेसेज मात्र ज्यांनी काढून टाकलं त्यांना एक शब्द बोलत नाही, जिला काढलं तिला सुई घ्यायला सांगतो, आणि तिनं ती घेतली नाही तर ‘तुझं स्वतःवर प्रेम नाही’ असा ठपकाही ठेवतो. सव्वीस वर्षांच्या मुलीला तो हे पंचवीस वर्षं आधीच ऐकवतो, म्हणजे अन्याय व्हायच्या आतच तिनं मान खाली घालावी.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. त्याच ग्रुपवर एवढं तरी टाका, कारण कुणी तरी आधीच जाऊन आलेली असेल: फिलर घेतल्यावर त्या जागची त्वचा पांढरी पडली, जाळीदार निळसर डाग उमटले, दुखणं वाढत गेलं, किंवा एका डोळ्यानं धूसर दिसू लागलं, तर ‘सूज आहे, दोन दिवसांत उतरेल’ यावर विश्वास ठेवू नका. टोचणाऱ्या डॉक्टरला लगेच कळवा. नजरेत जरा जरी फरक वाटला तर त्यांच्या फोनची वाट न बघता तडक मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा, आणि काय टोचलं, कुठे टोचलं, किती वाजता टोचलं हे तिथे पोचताच सांगा.