860 व्होल्टचा मासा आणि एक चिडकी प्रतिक्रिया

लातूरकर साहेब, नमस्कार.

गेममधल्या प्राण्यांच्या शक्तींवरच्या माझ्या लेखात मी इलेक्ट्रिक ईल या विजेचा झटका देणाऱ्या माशाबद्दल लिहिलं, त्याखाली तुम्ही चार ओळी लिहिल्यात. त्यातली मुद्द्याची ओळ एकच: "860 व्होल्ट काढणारा मासा आधी स्वतःच भाजून निघेल, काहीही फेकता राव." बाकीच्या ओळींत फुकटचे सल्ले. "आधी बी.एस्सी. करा" हा त्यातलाच एक. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. आहे, वीस वर्षं इथं परभणीत तेच शिकवतोय. आता एक पायरी खाली उतरून बी.एस्सी. करायची का, तेवढं कळवा.

एक चूक कबूल. नावात ईल असलं तरी हा मासा खऱ्या ईलच्या कुळातला नाही. मागुराच्या जवळचा आहे. लेखात दुरुस्ती केली.

पण 860 हा आकडा काही माझ्या घरचा नाही. 2019 मध्ये अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या नव्या जातीचं वर्णन झालं, त्यात तो मोजलेला आहे. या माशाच्या शेपटाकडच्या लांबलचक भागात चपट्या पेशींच्या चळती असतात. मेंदूचा इशारा आला की पेशीची मज्जातंतूकडची बाजू सोडियम आत घेते, पलीकडची बाजू तशीच राहते, आणि पेशीमागे साधारण 0.15 व्होल्ट मिळतात. एवढ्यावर टॉर्चचा बल्बही पेटणार नाही. पण टॉर्चमध्ये सेल एकामागे एक घालतो तशा जवळपास 6,000 पेशी ओळीनं लागल्या तर किती होतात, तो गुणाकार तुम्हीच करा. अट एकच, सगळ्या एकदम पेटल्या पाहिजेत. म्हणून डोक्याजवळच्या पेशींकडे जाणारा इशारा वाटेत रेंगाळतो, शेपटाच्या टोकाकडचा झपाट्यानं जातो.

मग तो मरत का नाही? तुम्ही व्होल्ट वाचलेत आणि तिथंच थांबलात. करंट 1 अँपियरच्या आसपास, त्यातला बराचसा भोवतीच्या पाण्यात पसरतो. झटका टिकतो जेमतेम 2 मिलिसेकंद. मोटारीच्या पेटीला ओला हात लागला तर 230 व्होल्टच बसतात, पण हात सुटेपर्यंत बसत राहतात, फरक तिथं आहे. शिवाय या माशाचं हृदय, यकृत, आतडी सगळी डोक्यामागच्या पाचव्या हिश्श्यात कोंबलेली. विजेचा कारखाना त्यांच्या मागे.

गेमवाले थापा मारतात त्या दुसरीकडे, आणि ते तुम्हाला दिसलं नाही याचंच नवल. पोकेमॉन गेममधला, गालातून वीज सोडणारा पिकाचू 0.4 मीटरचा, वजन 6 किलो. त्याच्या गालात 6,000 पेशींची ओळ मावणार कुठं? मावली तरी 860 व्होल्टची वीज हवेत एक मिलिमीटरसुद्धा उडी मारत नाही. माशाला पाणी लागतं. त्याचा थंडरबोल्ट हा विजेचा वार 15 वेळा मारला की संपतो, हे मात्र जमून आलंय, कारण खरा मासाही दमतो. 1800 मध्ये हुम्बोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञासाठी व्हेनेझुएलात लोकांनी घोडे या माशांच्या डबक्यात घातले. झटके देऊन देऊन मासे दमले, तेव्हा कुठं हाती लागले.

त्याच लेखातल्या बाँबार्डियर भुंगेऱ्याबद्दल, म्हणजे शत्रूवर गरम रसायन उडवणाऱ्या किड्याबद्दल, मी 'उकळता फवारा' लिहिलंय, 'आग' नाही. परत वाचा, चष्मा लावून. हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एका पिशवीत शांत बसलेले असतात. जाड भिंतीच्या दुसऱ्या कप्प्यात विकरं, म्हणजे रासायनिक क्रिया झपाट्यानं घडवणारी एन्झाइम्स. झडप उघडून मिश्रण तिकडं गेलं की 100 अंशांच्या आसपास उकळून ठोक्याठोक्यानं बाहेर पडतं, सेकंदाला 500 च्या घरात ठोके. सगळा माल एकाच कप्प्यात असता तर भुंगेरा कधीच फुटला असता. तुमची शंका या किड्याबद्दल असती तर निदान शोभली असती.

हे भुंगेरे भारतातही आहेत. पावसाळ्यात ओल्या बांधावरचे दगड उलटून बघा. फट्ट आवाज आला आणि बोटावर तपकिरी डाग पडला तर उगी घासत बसू नका, साबणानं तो लगेच जात नाही. आणि किडा डोळ्यांजवळ नेऊ नका. नेम धरून मारतो.