जर्मन रीडची पेटी डोळे मिटून घेऊ नका, झाकण उघडून घ्या

गेले काही महिने आमच्या ग्वाल्हेरातल्या मराठी घरांतून एक मजकूर या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. त्याचं सार असं: जुनी जर्मन रीडची पेटी, म्हणजे हार्मोनियम, विकायला निघाली की डोळे मिटून घ्या, तिचा सूर कधी उतरत नाही. पेटी जितकी जुनी तितकी गोड. गुजरातेतल्या पालिताण्याचे रीड वर्षभरात बेसूर होतात. आणि रीड जर्मन असले की बाकीची दुरुस्ती किरकोळ. पोराला गाणं शिकवायचं म्हणून पै-पै साठवणारी घरं यावर विसंबून पैसे मोजताहेत, म्हणून लिहायला बसलो.

‘सूर कधी उतरत नाही’ हे आधी घेतो. रीड म्हणजे पितळेच्या पत्र्यावर एका टोकाला घट्ट बसवलेली पितळेचीच पातळ जीभ. हवा लागली की ती सेकंदाला शेकडो वेळा लवते. लवून लवून धातू थकतो, मग तो जर्मनीतला असो की गुजरातेतला. सूर चढवायचा तर कारागीर जिभेचं टोक घासून हलकं करतो, उतरवायचा तर मुळाशी खरवडतो. म्हणजे दर वेळी पेटी सुरात लावताना रीडचं थोडं अंग जातंच. शिवाय जुन्या पेट्यांचा मूळ सूर आजच्याशी जुळेलच असं नाही. मध्य सप्तकातल्या पांढरी सहाची (इंग्रजी ‘ए’ स्वराची) सेकंदाची कंपनं फ्रान्सनं १८५९ साली कायद्यानं ४३५ ठरवली होती, आज बहुतेक ठिकाणी ४४० धरतात. फरक शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या पाचव्या हिश्श्याइतका, पण तानपुऱ्याच्या ॲपशी लगेच भांडतो. तेव्हा त्या मापाची पेटी आजच्या सुरात आणायची म्हणजे एकूण एक रीड घासायचा.

‘जुनी तितकी गोड’ ही समजूत मात्र सगळ्यात महागात पडते. गेल्या मे महिन्यात शिंदे की छावणीतल्या एका वहिनींनी मुलीसाठी अशीच पेटी बघितली आणि मला सोबत नेलं. विकणारा म्हणाला, “माल जर्मन का है भाईसाहब, आँख बंद करके ले जाइए.” मी स्टॉपर, म्हणजे रीडकडे हवा सोडणाऱ्या खुंट्या, उघडले, भाता भरला. एकाही पट्टीला हात लावला नव्हता, तरी पंचम आपला आपण बोलायला लागला. झाकण काढलं, पट्ट्या उचलल्या. रीड ज्या फळीवर बसतात तिला केसाएवढी चीर होती आणि तिच्यावर मेण चोपडलेलं होतं. पट्ट्यांखालचं चामडं वाळल्या लिंबाच्या सालीसारखं कडक. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, लाकूड आकसतं, आणि जुलैत तेच लाकूड पाणी पिऊन फुगतं. इतकी वर्षं हे सोसलेल्या पेटीतून हवा पळणारच. पेटीचा गोडवा हवा धरून ठेवण्यावर असतो. हवाच टिकत नसेल तर रीड कुठलाही असो, तो दम लागल्यासारखा वाजतो.

त्याच पेटीत आणखी एक गोष्ट दिसली. ३७ पट्ट्या, खर्ज म्हणजे खालचा आणि नर म्हणजे मधला अशी दोन सुरी पेटी, दर पट्टीला दोन रीड, म्हणजे ७४ रीड. खर्जाची ओळ एकसारखी काळपट होती. नराच्या ओळीत मात्र मध्येच अकरा रीड वेगळ्या रंगाचे, त्यांचे स्क्रू कोरे चकचकीत. रीड दोन बारीक स्क्रूंवर बसतो, कुणीही काढून दुसरा लावू शकतो. तेव्हा ‘जर्मन रीडची पेटी’ हे नाव आतले किती रीड जर्मन आहेत ते सांगत नाही. जर्मन म्हणून दाखवलेल्या पेटीत कधी पॅरिसच्या कास्रिएल या पेटीच्या कारखान्याचे रीडही निघतात. ते काही कमी दर्जाचे नव्हेत. हार्मोनियम हे नावच मुळी १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये आलेक्झांद्र दबँ यांनी दिलेलं.

आता पालिताणा. भावनगर जिल्ह्यातलं हे गाव जैन तीर्थ म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पेटीवाल्यांना ते रीडसाठी माहीत आहे. तिथले स्वस्तातले रीड लवकर उतरतात, हे खरं. चांगला जर्मन रीड किंचित हवेवर बोलतो आणि ते मलाही फार आवडतं. पण स्वस्त रीडवरून सगळं गाव बाद करणं हा अन्याय आहे. नवा घासलेला रीड, मग तो कुठलाही असो, सुरुवातीला थोडा हलतोच. पहिल्या वर्षात एक-दोनदा पेटी सुरात लावून घेतली की तो स्थिरावतो. लोक नेमकं हेच करत नाहीत आणि मग गावाला नावं ठेवतात. भैया गणपतरावांसारखा पेटीचा कलावंत ज्या ग्वाल्हेरनं पाहिला, तिथं तरी पेटी कानानं पारखली जावी असं मला मनापासून वाटतं.

‘दुरुस्ती किरकोळ’ याबद्दल एवढंच: नवा भाता, सगळं चामडं, चिरलेली फळी आणि ७४ रीडचा सूर, हे ज्याला किरकोळ वाटतं त्यानं आधी कारागिराकडून अंदाज घ्यावा.

वहिनींनी ती पेटी सोडली. पुढं ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच एका शिक्षकांची बारा वर्षं वापरलेली, पालिताण्याच्या रीडची पेटी मिळाली. पट्टी न दाबता भाता रेटला तर तो हाताला उलटा जोर देत होता. मग भाता भरून हात काढला आणि मुलीला काळी एक दाबायला सांगितली. मी मनात पंधरापर्यंत मोजलं, तोवर सूर हलला नाही.