विमानात फुटणारी छाती आणि इतर बाता

चतुर्थीच्या आठवड्यात तोच मजकूर मला चार ग्रुपांवरून आला. 'बहिणींनो, सावधान! छातीत सिलिकॉन बसवलं की कॅन्सर होतोच. विमानात ते फुटतं. मॅमोग्राफी कायमची बंद. बाळाला अंगावर पाजता येत नाही. दहा वर्षांत ते विरघळून रक्तात जातं.' खाली हात जोडल्याची चित्रं आणि 'एका मोठ्या डॉक्टरांकडून'. डॉक्टरांचं नाव अर्थातच नाही.

एरवी पुसून टाकला असता. पण फोंड्याच्या आमच्या वहिनीनं तो वाचला. कर्करोगामुळे तिचा डावा स्तन काढलाय, आणि आता इम्प्लांट (छातीत बसवायची जेलची नाहीतर मिठाच्या पाण्याची पिशवी) घ्यावं की पोटाचं मांस वापरून स्तन करून घ्यावा, यावर तिचा विचार चालला होता. फोनवर म्हणाली, "अगो, हे खरं काय?" मी बरीच वर्षं मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढायच्या मशीनवर काम केलंय, म्हणून सांगते.

विमानाचं आधी उरकते. मोपा विमानतळावरून उडालं की वेफर्सचं पाकीट फुगतं, कारण त्यात हवा असते. इम्प्लांटमध्ये हवा नसते. जेल असतं नाहीतर मिठाचं पाणी. झालं.

कर्करोगाचं एवढ्यात मिटत नाही. पहिलं सिलिकॉन इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं. त्यानंतर मोठमोठे अभ्यास झाले, आणि इम्प्लांटमुळे स्तनाचा कर्करोग वाढल्याचं त्यांत दिसलेलं नाही. मात्र एक वेगळाच, दुर्मीळ आजार आहे: इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होणारा लिम्फोमा, म्हणजे स्तनाचा नव्हे, तर रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग. तो मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडला गेलाय. अ‍ॅलर्गन कंपनीनं आपले 'बायोसेल' इम्प्लांट २०१९ मध्ये जगभरातून परत घेतले ते यामुळेच. ज्यांना काही त्रास नाही त्यांनी ते काढून घ्यावेत असं तेव्हाही सांगितलं गेलं नव्हतं. पण ऑपरेशनला वर्षं उलटल्यावर एक बाजू अचानक सुजली, पाणी साठलं, तर लगेच दाखवायचं. वेळेत कळलं तर बहुतेकदा इम्प्लांट आणि आवरण काढून भागतं. कामाची गोष्ट ही होती, आणि मजकुरात तीच नाही.

मॅमोग्राफी बंद? मग मी इतकी वर्षं काय करत होते? इम्प्लांट असलं की नेहमीच्या चार फोटोंऐवजी सहसा आठ काढतो. बोटांनी इम्प्लांट मागे छातीकडे सारायचं, पुढचं मांस ओढून घ्यायचं आणि तेवढ्यावरच प्लेट दाबायची. थोडा भाग झाकला जातो हे खरं, गरज वाटली तर सोनोग्राफी असते. फक्त आम्हाला आधी सांगावं लागतं. एकदा एक बाई प्लेट खाली यायला लागल्यावर हळूच म्हणाली, "एक सांगायचं राहिलं." मी हात मागे घेतला. तिची शेजारीण आमच्याच इमारतीत कामाला होती, गावभर होईल म्हणून ती गप्प बसलेली. आपल्याकडे छाती सुजल्याचं सांगायलाही तेवढाच वेळ लागतो. (वहिनीच्या पुनर्रचना केलेल्या बाजूला नेहमीची मॅमोग्राफी सहसा लागत नाही, उजव्या बाजूची मात्र चुकवायची नाही.)

अंगावर पाजणं बऱ्याच जणींना जमतं. काप कुठून घेतला त्यावर बरंच असतं: स्तनाग्राच्या कडेनं घेतला तर दुधाच्या नळ्या आणि नसा दुखावण्याचा धोका जास्त.

आता ते दहा वर्षांचं. सिलिकॉन विरघळत नाही. पाण्याचं इम्प्लांट फुटलं तर छाती बसते आणि लगेच कळतं. जेलचं मात्र फुटूनही बाहेरून कळणार नाही असं होऊ शकतं. म्हणून अमेरिकेचं औषध प्रशासन त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करायला सांगतं. दहाव्या वर्षी बदलायलाच हवं असा नियम नाही, आणि जाहिरातीतलं 'आयुष्यभराचं' हीदेखील थापच.

खरी अडचण मजकूर लिहिणाऱ्याला माहीतच नसावी. शरीर इम्प्लांटभोवती आवरण तयार करतं, ते कधीकधी आवळतं. छाती कडक होते, दुखते. रेडिएशन झालेल्या जागी हे जास्त होतं. वहिनीला रेडिएशन झालंय! म्हणजे तिच्या बाबतीत पोटाच्या मांसाचा पर्याय आधी नीट विचारायला हवा. आणि डॉक्टरांसमोरची तिची सगळी वेळ विमानात फुटतं का हे विचारण्यात गेली होती.

पुढच्या खेपेला तिनं बिलाच्या पाठीमागे प्रश्न लिहून नेले: रेडिएशनचं काय, पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, पुन्हा ऑपरेशन लागलं तर खर्च किती, आणि इम्प्लांटचं कार्ड मिळेल का. त्या कार्डावर कंपनी आणि अनुक्रमांक असतो. उद्या कुठलं इम्प्लांट परत बोलावलं तर आपलं त्यात आहे का हे त्यावरूनच कळतं. अजून तिचं काही ठरलेलं नाही. पण फोंड्याच्या पावसात कागदाला बुरशी येते म्हणून रेशनकार्डाची प्लास्टिकची पिशवी तिनं रिकामी करून ठेवलीय.