उघडा फिल्टर म्हणजे कोल्ड एअर इनटेक नव्हे

गाडीच्या इनटेकवरच्या (इंजिनात हवा नेणारा पाईप आणि फिल्टर) एका लेखात म्हटलंय की तो बदलून कोल्ड एअर इनटेक, म्हणजे बाहेरची थंड हवा घेणारा, लावला की १०-१५ हॉर्सपॉवर सहज वाढतात. टर्बो नसलेल्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनात असं होत नाही. नवीन मुलं हे वाचून पैसे घालवतात, म्हणून लिहितोय.

बॉनेटखाली उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर लावला की आवाज झकास येतो, पण तो ओढतो इंजिनाभोवतीची तापलेली हवा. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी घटते. ऑक्सिजन कमी, म्हणजे ताकदही कमी. कंपनीचा एअरबॉक्स (फिल्टरचा बंद डबा) बहुतेक गाड्यांत ग्रिलमागून किंवा फेंडरमधून बाहेरची थंड हवाच घेतो, तो काढून फायदा काय? टर्बो पेट्रोलमध्ये मोठा इनटेक उपयोगी पडतो, पण ईसीयू रीमॅपच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलण्याच्या) जोडीला. डिझेलमध्ये तर हवा आधीच गरजेपेक्षा जास्त असते, ताकद ठरते इंधनावर.

आणि पावसाळा! थंड हवेसाठी बंपरमागे खाली उतरवलेला इनटेकचा पाईप मुंबईच्या तुंबलेल्या रस्त्यावर पाणी ओढू शकतो. इंजिनात शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. तेल लावून वापरायच्या कॉटन फिल्टरला तेल जास्त झालं तर ते एमएएफ सेन्सरवर (आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर) चढतं, तेही सांगायला हवं होतं.

इनटेक लावायचाच असेल तर आधी आणि नंतर, एकाच डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) गाडी मोजून घ्या. तोवर कंपनीचा फिल्टर वेळेवर बदला. आपल्याकडच्या धुळीत तो लवकर भरतो.