डॉक्टर व्हायचंय? आधी आजोबांचा प्लॉट बघा

दहावीचा निकाल लागताच पोराला अभ्यासाला बसवणारे पालक फार भोळे. अभ्यास होत राहील. आधी आजोबांनी कुठे एनए (बिगरशेती) प्लॉट घेऊन ठेवलाय का, ते बघा. नसेल घेतला तर आजोबांना जाब विचारा.

प्लॉट असेल तर नीटच्या, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेच्या क्लासेसचं लातूर गाठा. क्लास, होस्टेल, मेस. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही तर रिपीट करा, मग पुन्हा रिपीट करा. चिकाटी हा मोठा गुण आहे आणि तो मेसच्या बिलावर टिकतो. एकाच प्रयत्नानंतर मुकाट बीएस्सीला जाणाऱ्या पोराबद्दल ‘जिद्दच नव्हती हो’ एवढं म्हटलं की आपलं काम झालं.

तरीही मार्क कमी पडले? नीटला पात्र झालात ना, मग बस्स. खासगी मेडिकलमध्ये 15 टक्के जागा संस्थेच्या कोट्यात असतात, फी कैक पट. अभिमत विद्यापीठात वर्षाला 20-25 लाख. पुढे एमडीची काळजी तर मुळीच नको. 2023 मध्ये पीजीचा (पदव्युत्तर प्रवेशाचा) कटऑफ सरकारने थेट शून्य पर्सेंटाइलवर आणला होता, म्हणजे परीक्षेला बसला तो पात्र. शून्य! जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून. आरक्षणामुळे मेरिटचं कसं वाटोळं झालं, ही चर्चा अशा जागेचा हप्ता भरून आल्यावर, रविवारी मटणाच्या ताटावर करावी, रंगते.

प्लॉट नाहीच? मग शैक्षणिक कर्ज आहे की. साडेसात लाखांच्या वर गेलात की बँक सहसा तारण मागते. सातबारा घेऊन जाऊ नका, शेतजमीन बहुतेक बँकांना चालत नाही. काय चालतं? एनए प्लॉट.

मुलगी असाल तर नशीबवान आहात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी 2024 पासून माफ आहे. खोलीभाडं, डबा, पुस्तकं, एप्रन यांना शासन निर्णय लागू नाही. कॉलेजच्या खिडकीवर तो निर्णय वाचून दाखवू नका, आतले लोक आधी पैसे भरायला सांगतात आणि शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज छाननीत असतो.

राहिला उत्पन्नाचा दाखला. बंगलेवाल्यांनी काळजी करू नये, आठ लाखांत कसं बसायचं ते सीए सांगतो. शेतमजुराचं उत्पन्न त्याच्या सल्ल्याविनाच बसतं. त्याने फक्त एक रोज बुडवून तहसीलला जावं, आणि सर्व्हर डाऊन असेल तर दुसऱ्या दिवशीचाही बुडवावा.