ओळखीच्या पत्त्यावरून आलेली फाइल

‘ओळखीच्या पत्त्यावरून आलेली ई-मेलची फाइल निर्धास्त उघडावी, वर्ड आणि पीडीएफमध्ये व्हायरस शिरतच नाही, आणि अँटिव्हायरस असला की काळजी मिटली,’ असा संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार असलेल्या आणि सगळा हिशेब एकाच संगणकावर ठेवणाऱ्या माझ्या मामांनी तो ‘उपयुक्त माहिती’ म्हणून मला पाठवला, तेव्हा गप्प बसवेना.

यातला पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे. ४ मे २००० रोजी पसरलेला ‘आय लव्ह यू’ हा व्हायरस नेमका ओळखीच्याच पत्त्यावरून येत असे. फाइल उघडताच तो आउटलुक या ई-मेल प्रोग्रामच्या पत्तेवहीतील सर्वांना त्याच माणसाच्या नावाने स्वतःची प्रत पाठवी. फाइलच्या नावाच्या मधोमध साध्या मजकुराची खूण असलेले ‘टीएक्सटी’ होते आणि खरे शेपूट, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी शेवटची अक्षरे, ‘व्हीबीएस’ हे चालू होणाऱ्या प्रोग्रामचे. विंडोज ते शेवटचे शेपूट लपवीत असल्यामुळे वाचणाऱ्याला साधे पत्रच दिसे. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सलाही त्या दिवशी आपली ई-मेल यंत्रणा बंद करावी लागली. पाठवणारा पत्ता खोटा नव्हता, हेच तर त्याच्या यशाचे कारण होते. पंचवीस वर्षे उलटून गेल्यावरही आपण पुन्हा तोच सल्ला एकमेकांना द्यावा, याला काय म्हणावे?

वर्डच्या फाइलबद्दल बोलायलाच नको. मार्च १९९९ मधला ‘मेलिसा’ हा व्हायरस वर्डच्याच मॅक्रोमधून, म्हणजे फाइलमध्ये दडवता येणाऱ्या छोट्या प्रोग्राममधून, पसरला होता. पीडीएफच्या बाबतीत थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो: जीमेलमध्येच उघडून पाहिलेली पीडीएफ संगणकावर उतरवलेल्या फाइलपेक्षा कमी धोक्याची असते, मात्र तिच्यातली लिंक दाबून बँकेच्या बनावट पानावर पासवर्ड भरला, तर त्याला जीमेल तरी काय करणार?

अँटिव्हायरसचे म्हणाल, तर पासवर्ड घातलेल्या झिप फाइलच्या आत त्याला सहसा पाहताच येत नाही. तो पासवर्ड मात्र त्याच मेलमध्ये लिहिलेला असतो, म्हणजे कुलूप तपासनिसापुरते आणि किल्ली आपल्या हातात.

‘मग बिले उघडायचीच नाहीत का?’ असे मामांनी चिडून विचारले. उघडायची, पण न मागता आलेली फाइल असेल तर आधी आपल्या वहीतल्या क्रमांकावर पाठवणाऱ्याला फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे. त्यांच्या संगणकावर फाइलचे पूर्ण नाव दिसण्याची सोय मी चालू करून दिली आहे. प्रत्येक नावामागे आता शेपूट दिसते, अशी त्यांची तक्रार आहे.