पॅरिस-ब्रेस्टला मिळालेल्या दोन स्टारचं उत्तर

नमस्कार,

रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत आणि कारणंही लिहिलीत, हे बरं केलंत. नुसते स्टार देऊन जाणाऱ्यांशी भांडताही येत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमचं पॅरिस-ब्रेस्ट (क्रीम भरलेलं फ्रेंच पेस्ट्रीचं गोल कडं) करपलेलं होतं, मधे भलंमोठं भोक, आतून पोकळ, क्रीम जड, उरलेलं दुसऱ्या दिवशी चामट झालं, आणि पॅरिसमध्ये तुम्ही खाल्लंत ते असं नव्हतंच. म्हणजे २८० रुपयांची फसवणूक.

आधी भोक. ते सायकलचं चाक आहे हो. पॅरिसहून ब्रेस्ट बंदरापर्यंत जाऊन परत यायची, साधारण १२०० किलोमीटरची शर्यत १८९१ साली प्येर जिफार या पत्रकाराने सुरू केली. त्या शर्यतीच्या नावाने काहीतरी गोड कर, असं त्यानेच १९१० मध्ये पॅरिसजवळच्या मेझों-लाफितच्या लुई ड्युराँ या पेस्ट्रीवाल्याला सांगितलं आणि ड्युराँने हे चाक भाजलं, अशी हकीकत सांगतात. वरचे बदामाचे काप आणि मधलं क्रीम कितीही घ्या, चाकाला भोक राहणारच.

पोकळीचं म्हणाल तर हे कडं ज्या पिठाचं असतं त्या शू पेस्ट्रीत ना यीस्ट, ना बेकिंग पावडर. पाणी, दूध आणि लोणी उकळायचं, मैदा एकदम ओतायचा आणि गॅसवरच घोटायचा. मोदकाची उकड काढणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. कोमट झाल्यावर अंडी, एकेक करून. किती, ते कागदावरचं वजन पुरतं सांगत नाही. उलथनं वर उचललं की पीठ त्रिकोणी लोंबलं पाहिजे. तुटून पडलं तर अजून थोडं अंडं, ओघळलं तर घाणा वाया गेला. ओव्हनमध्ये त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि कडं आतून फुगवते. ती पोकळी नसती तर क्रीम भरलं कुठे असतं?

रंगाबद्दल मी हटवादी आहे, तेवढं मान्य. सोनेरी दिसतंय म्हणून लवकर काढलं तर आतल्या भिंती ओल्या राहतात आणि बाहेरची हवा लागताच कडं बसतं. म्हणून गडद तपकिरी होईपर्यंत ओव्हनचं दार उघडत नाही. तुम्हाला जी कडवट चव लागली ती प्रालीनची. साखर करपायच्या अलीकडेपर्यंत नेऊन त्यात भाजलेले हेझलनट आणि बदाम घालायचे, गार झाल्यावर तेल सुटेपर्यंत वाटायचे. कडवटपणा काढला तर मागे नुसती साखर उरेल.

आता क्रीम. ते मूसलीन आहे: दूध आणि अंड्याच्या बलकाचं कस्टर्ड, त्यात फेटलेलं लोणी आणि प्रालीन. केकवरच्या व्हिप क्रीमसारखं ते हलकं असणार नाही. ते पांढरं क्रीम बहुतेक ठिकाणी वनस्पती तेलाचं असतं आणि टाळूला चिकटून बसतं. लोणी तोंडातल्या उबेने विरघळतं, पण फ्रिजमधून काढल्या काढल्या खाल्लं तर थिजलेलंच लागणार. पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, हे काउंटरवर सांगतात.

पॅरिसमध्ये छोटे गोळे गोलात जोडलेलं खाल्लंत ना? फिलिप कोंतिचिनी या फ्रेंच पेस्ट्री शेफनी तसं केलं, आत पातळ प्रालीनही लपवलं, आणि त्यांचं पाहून बऱ्याच जणांनी ती पद्धत उचलली. उत्तमच लागतं. आमचं जुन्या घाटाचं, सलग कड्याचं आहे. दोन्ही खरी.

दुसऱ्या दिवसाबद्दल मी काय बोलू? डब्यावर ठळक अक्षरांत ‘आजच खा’ लिहिलंय, ते सजावटीसाठी नाही. क्रीममधला ओलावा रात्रभर कड्यात मुरतो.

पैसे परत देणार नाही, पण पुन्हा आलात तर दुपारी बारानंतर या. तेव्हा भरलेलं ताजं मिळतं. रविवार सकाळ टाळा. तेव्हा सायकलवाले येतात. ती शर्यत आता स्पर्धा म्हणून होत नाही. दर चार वर्षांनी, जास्तीत जास्त ९० तासांत पूर्ण करायची राइड असते, आणि आपल्या पुण्याचे लोकही ती करून आलेत. ते आले की काउंटर रिकामा होतो. फोन केलात तर एक बाजूला काढून ठेवू. गाडी मात्र गल्लीत लावू नका, समोरचे आजोबा ओरडतात.

– दुकानमालक